गप्प बसण्याचं शस्त्र

चि. धडपड्या यास,

काकाचे आशीर्वाद, पण या खेपेस जरा हात आखडता घेऊनच देतो आहे. तू ठणठणीत असशीलच. इकडे माझे गुडघे आणि शिलाई मशीन दोन्ही कुरकुरतात, आणि तुझ्या काकूच्या घशाखाली घास उतरत नाही. कारण तू. तुझी पाणबुडी पुन्हा निघणार हे कळलं त्याच दिवशी तिने रेडिओवर ऐकलं, की हल्ली विमानं आणि हेलिकॉप्टरं वरून पाणबुड्या हुडकून काढतात. म्हणून मी तुला सरळ विचारलं, की बाबा रे, वरून कुणी आलं तर तुम्ही करता काय? तर तू कळवलंस, खोल जातो आणि गप्प बसतो.

हे काय उत्तर झालं? एवढं लोखंड, एवढी तरणीताठी माणसं, आणि शस्त्र काय, तर गप्प! (ते मी लग्नापासून वापरतो आहे, त्याला नौदल कशाला?) वर तुझी मखलाशी, की काही पाणबुड्यांकडे आकाशात मारायची क्षेपणास्त्रं असतात, पण ती सोडली की आपण कुठे आहोत ते उघडं पडतं, म्हणून तो अगदी शेवटचा उपाय. तुझ्या कप्तानाला माझा निरोप दे, शेवटचा उपाय आधी करा. हेलिकॉप्टर म्हणे दोरीने ऐकायचं यंत्र, म्हणजे आपला कानच, पाण्यात सोडून बसतं, तेव्हा चमचासुद्धा पडू द्यायचा नाही. हे काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चमचा? आणि याला त्यांनी स्वयंपाकघरात ठेवलंय?" आणि ताट सारून उठली.

तिची समजूत पटावी म्हणून तुझा उपाय मी घरीच करून पाहिला. आमच्या डोक्यावर दातांची डॉक्टरीण राहायला आली आहे. बाई बोलायला गोड, पण तिच्या गॅलरीतून माझ्या अंगणात सतरंजीची धूळ येते, चहाचा चोथा येतो, फरशी पुसल्याचं पाणी येतं, आणि तिथेच मी गिऱ्हाइकांचे शिवून धुतलेले कपडे वाळत घालतो. आजवर मी वर तोंड करून ओरडायचो. आता म्हटलं, पाणबुडी होऊ. दोरी पत्र्याखाली घेतली (हे खोल जाणं), मशीन बंद, रेडिओ बंद, खोकला उशीत. खिडकीच्या फटीतून आरसा तिरका धरून वर नजर. आठवडाभर काकू आणि मी खाणाखुणांनी भांडलो.

आणि फळ काय? चिमटीने येत होतं ते बादलीने यायला लागलं. परवा एक पांढरा कोट पत्र्याखाली वाळेना म्हणून क्षणभर उन्हात टांगला, तर वरून काळं पाणी थेट त्याच्या कॉलरवर. माझं डोकं फिरलं. झाडांना पाणी घालायची नळी उचलली आणि सोडलं क्षेपणास्त्र. नेम बरोबर बसला, हे आपलं मीच सांगतो. बाई नखशिखांत निथळत खाली आली. मी भांडायला छाती काढून उभा. ती आ वासून बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही आहात होय? मला वाटलं, माझा कोट घेऊन खोली सोडून गेलात."

संताप याचा आला, की तुझंच खरं निघालं. तिने नेम धरलाच नव्हता. तिच्या लेखी खाली कुणी नव्हतंच. नळीला हात लावला नसता तर माझा पत्ता कुणाला लागत होता? (कोट तिचाच. तिच्या दवाखान्यातल्या शिपायाने दुरुस्तीला आणून टाकला होता. आता नवा शिवतो आहे.) काकू दारातून सगळं बघत होती. पोट धरून हसली आणि कितीतरी दिवसांनी नीट जेवली. मग एकदम तिचा हात थांबला. विमानांचा घोर गेला, चमच्याचा राहिला.

तुझ्यावर भयंकर चिडलेला,
काका

ता. क. सोबत पुडकं आहे. झाकणांच्या कडांना आणि डावांच्या दांड्यांना घालायच्या जाड कापडी खोळी आहेत. मापं काकूची, अंदाजाने. तुझ्या हातून लहानपणापासून काय काय पडलंय ते आम्हाला पाठ आहे. लाजू नकोस, सगळ्या घाल. कुणी हसलं तर माझं नाव सांग.

आणखी एक. कप्तानाला तो निरोप देऊ नकोस. तुझं पत्र आलं नाही की मी चिडेन, अंगणात उभा राहून तुला वाटेल ते बोलेन. तू लक्ष देऊ नकोस. गप्प पडून राहा.