मागच्या सीटवरून

वराळे,
६ जानेवारी २०२५

ती. महिपतीमामांस,
कोमलचा शि. सा. न. वि. वि.

आईच्या पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी आता प्रवासाला मोकळीक दिली आहे. तरी तुमच्या नातीच्या बारशाला लोणावळ्याला येणार नाही, असं ती म्हणते. दवाखान्यातून घरी आणलं ती भाड्याची गाडी ऑटोमॅटिकच होती, पण दर गिअरला मान डोलायची आणि आईच्या पाठीतून कळ जायची. तेव्हापासून गाडीचं नाव काढलं की विषय बदलते.

मला गाडी घ्यायचीच आहे. कोणती घेऊ? फोन करत नाही, कारण आई तो स्पीकरवर टाकायला लावते आणि मग निकालही तीच देते.

मामींना नमस्कार.
तुमची भाची,
कोमल

लोणावळा,
१३ जानेवारी २०२५

चि. कोमलला मामाचे अनेक आशीर्वाद.

ताई आली नाही तर बारसं होईल, पण मला ते गोड लागायचं नाही. म्हणून ओळखीच्यांच्या तीन गाड्या मागवल्या. टुरिस्टच्या धंद्यात केस पांढरे झाले, तेवढी ओळख कमावली आहे. लोक स्टिअरिंगवर बसून गाडी पारखतात. तिथं हातापायाला पुढचं आधीच कळतं. मी मागं बसलो, डोळे मिटले आणि आपल्या ड्रायव्हरला, सत्यमला, भुशीच्या पुढचा चढ घ्यायला सांगितलं. तुझी मामी म्हणाली, की झोपायचंच तर घरी झोपा, पेट्रोल तरी वाचेल.

ताईला आणलं ती एएमटी. गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच माणसाऐवजी यंत्र दाबतं. तेवढ्यात गाडी क्षणभर दम सोडते, तोच तो हिसका. दुसरी सीव्हीटी. तिच्यात ठरलेले गिअरच नाहीत, दोन पुल्यांवर पट्टा सरकत राहतो. काय गं तिची चाल, हिसका शोधून सापडेना. तिसरी टॉर्क कन्व्हर्टरची. इंजिन आणि गिअरच्या मध्ये तेल, ते धक्का पिऊन टाकतं. गिअर पडला हे कानाला कळतं, अंगाला नाही. हे ज्यानं काढलं त्याला एकदा आपल्याकडं जेवायला बसवावा.

सत्यमनं हौसेनं स्पोर्ट मोड लावला, तर तीच शहाणी गाडी पाय लावला की उसळायला लागली. इको मोडला मवाळ, पण चढाला आळशी. ताईसाठी नॉर्मल बरा. माझं मत सीव्हीटीला. तरी घेण्याआधी ताईला बसवून बघ.

माया आहे त्याच गिअरात राहू दे.
तुझा मामा,
महिपती

वराळे,
२८ जानेवारी २०२५

ती. मामांस सा. न. वि. वि.

आईला कशीबशी तयार करून सीव्हीटीत बसवलं. सपाटीला खूश होती. कामशेतच्या खिंडीत इंजिन एका सुरात ओरडायला लागलं आणि आईनं दाराची मूठ धरली. म्हणाली, की ही नुसती बोंबलतीया, गेर का टाकत न्हाई, माघारी यील. बाबांच्या भाजीच्या टेम्पोत तिचा जन्म गेला. चढाला बाबांनी गिअर टाकल्याचा आवाज आला की ती निवांत. इथं तो आलाच नाही, म्हणून अंग ताठलं, आणि ताठलं म्हणून दुखलं. तुमच्या कानांचा एवढा लौकिक, पण आईच्या पाठीपुढं त्यांचं चाललं नाही. रागावू नका.

मग तीच खिंड टॉर्क कन्व्हर्टरमधून, नॉर्मलवर. आवाज हलकेच खाली उतरला, तशी आई म्हणाली, की हां, टाकला. तीच घेतली. शनिवारी गाडी हातात येईल, रविवारी बारशाला आईला घेऊन निघते. पुढचं तिच्या पाठीवर.

आशीर्वाद असू द्या.
कोमल

लोणावळा,
५ फेब्रुवारी २०२५

चि. कोमलला अनेक आशीर्वाद.

हरलो बाई. टॉर्क कन्व्हर्टरच खरी, आणि पारख ताईचीच.

बारशाच्या गडबडीत एक सांगायचं राहिलं. तू गाडी वळवून लावायला गेलीस, तेव्हा मी ताईला हात द्यायला पुढं झालो. तिनं हात घेतला नाही, आपली आपण उभी राहिली. मी पाठीचं विचारलं. ती म्हणाली, की दुखण्याचं भ्या मला न्हवतंच. दवाखान्यातून येताना मी कण्हले की कोमल रडायची, ते पुन्हा बघवलं नसतं, म्हणून नको म्हणत होते.

त्या दिवशी सगळ्या वाटेनं ती आरशात तुझं तोंड बघत आली म्हणे. तू गाणं गुणगुणत होतीस.

तुझा मामा,
महिपती