पुढच्या गादीवरची जागा

अण्णा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, तरी परवा मी तुमच्याशी भांडले. तुम्ही समोर नव्हता म्हणून नातवाशी भांडले, एवढाच फरक. लेकीचा हा मुलगा विमान कंपनीत नोकरीला आहे. विमानात जागा शिल्लक असली की तिथल्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना जवळजवळ फुकट बसता येतं. त्यानं मला हैदराबादहून दिल्लीला नेलं आणि अगदी पुढच्या, पाय पसरून बसायच्या महागाच्या खुर्चीवर बसवलं. विमानतळावर आमच्या आधी एक बाई तिकिटाच्या खिडकीशी उभ्या होत्या. त्यांच्या नवऱ्याच्या पायाला प्लास्टर होतं. लागतील तेवढे पैसे घ्या पण यांना पुढं बसू द्या, असं त्या सांगत होत्या, आणि त्यांना पुढं जागा नाही असं उत्तर मिळालं. थोड्या वेळानं ते गृहस्थ बाकांना धरत धरत माझ्या शेजारून मागं गेले. मी नातवाला म्हटलं, हे बरं नाही. तो म्हणाला, आजी, पगार कमी देतात, त्यात हे धरलेलंच असतं, आमचा हक्क आहे तो. तोवर विमान हलायला लागलं होतं, कमरेला पट्टा बांधलेला होता. उठणं राहिलं, बोलणं मात्र थांबलं नाही. दिल्ली येईपर्यंत मी त्याला तुमची गोष्ट ऐकवली. जशी सगळ्यांना ऐकवत आले, तशीच.

तुम्ही जिंतूरच्या मोटर स्टँडवर तिकिटं द्यायला बसायचात. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. एका शेठची मोटर जिंतूर-परभणी धावायची, एक खेप सकाळी आणि एक दुपारी. ड्रायव्हरच्या मागं गादीची दोन बाकं होती, तीन-तीन माणसांची. त्याला सगळे फस्टक्लास म्हणायचे आणि त्याचं तिकीट जास्त होतं. त्यामागं लोखंडी जाळी, जाळीमागं लाकडी फळ्या, आणि फळ्यांवर माणसं, गाठोडी, कोंबड्या, सगळं एकावर एक. गादीची जागा जो तिकीट काढेल त्याची, असं तुमच्या खोलीबाहेरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. खरं म्हणजे ती शेठच्या पाहुण्यांची, मॅनेजरच्या घरच्यांची, ड्रायव्हरच्या मेहुण्याची आणि आपली होती. "गाडी आपलीच हाय," हे तुम्ही किती वेळा म्हणायचात. त्या गाडीतला एक नटही तुमच्या मालकीचा नव्हता, अण्णा. पण आपण परभणीला आत्याकडे निघालो की तुम्ही नुसती मान हलवायचात, आणि पटक्यात तिकीट खोचलेला एखादा म्हातारा गादीवरून उठून जाळीमागं जायचा. त्याच्या बसण्यानं गरम झालेल्या जागेवर मी बसायची. मला वाटायचं, लोक तुम्हाला मान देतात.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, पिंजाऱ्याची. आधी ती उर्दू वर्गात शिकायची. तो वर्ग मोडला तशी आमच्यात आली. पहिले काही महिने तिचं मराठी ऐकून मुली हसायच्या. गणितात मात्र गुरुजींनी उदाहरण घालून खडू खाली ठेवायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. मी हुशार होते, पण तिच्यानंतर. सातवीच्या पुढं जिंतूरला मुलींची सोय नव्हती. परभणीच्या एका शाळेत मुलींना राहण्या-जेवणासकट घेणार होते, त्यासाठी परीक्षा होती, आणि आमच्या शाळेतून गुरुजींनी दोघींचे अर्ज भरले होते. तिला मोटर लागायची. मागं बसली की वाटेतल्या बोरी गावापर्यंत पोहोचेस्तोवर ओकून अर्धमेली व्हायची. म्हणून तिच्या वडिलांनी दोन दिवस आधी तुमच्याकडं येऊन गादीच्या दोन जागांची तिकिटं काढली. त्या गाद्यांत कापूस भरलेला होता तोही त्यांच्याच हातचा. शेठनं आदल्या वर्षी त्यांच्याकडूनच गाद्या भरून घेतल्या होत्या.

त्या दिवशी पहाटे आई चुलीपुढं धपाटे लावतीय. धूर झालाय, तिचे डोळे पाणावलेत, आणि तुम्ही दारात उभं राहून मला सतराचा पाढा विचारताय. मी अडखळते तशी आई म्हणते, आता नका विचारू, आहे ते पण विसरंल. तुम्ही हसता. तुमच्या खिशातून तुम्ही शाईचं पेन काढता आणि माझ्या हातात देता. नवं नव्हतं ते, टोपणाला चीर गेलेली होती. पण तुम्ही रोज तिकिटं लिहायचात ते पेन. म्हणालात, आजपासून तुझं. तुमच्यावर एवढा राग असूनही ती सकाळ मला अजून गोड लागते, याचाही मला राग येतो.

आपण स्टँडवर पोहोचलो तेव्हा गादीची बाकं भरत आली होती. मॅनेजरची बायको, तिची नणंद आणि तिची तीन मुलं परभणीला बारशाला निघाली होती. धाकटं मूल बाकावर आडवं होऊन झोपलेलं. दोघा व्यापाऱ्यांनी गादीची तिकिटं काढलेली होती, ते निमूट मागं गेले. सहावी जागा खिडकीची होती, तिथं तुम्ही मला बसवलंत. आठवडी बाजाराचा दिवस असल्यानं मागं उभं राहायलाही जागा उरली नव्हती. मग ती दोघं आली. तिचे वडील धुतलेला पायजमा आणि काळी टोपी घालून होते, आणि तिच्या हातात पाटी-पुस्तकांची पिशवी होती. त्यांनी तिकिटं तुमच्यापुढं धरली. तुम्ही तिकिटांकडं पाहिलं आणि मॅनेजरकडं पाहिलं. मॅनेजर पान खात उभा होता. तो म्हणाला, पुढं घरची माणसं हायेत, दुपारच्या गाडीनं या.

मला तिच्या वडिलांचा आवाज अजून ऐकू येतो. चढा नव्हताच तो. ते दिवसच असे होते की त्यांच्यासारख्या माणसानं स्टँडवर आवाज चढवावा अशी सोय नव्हती. हात जोडून ते तुम्हाला म्हणाले, "साहेब, इम्तिहान अकराला हाय. पोरीला तेवढं बसवा, मी मागं शिडीला लटकून येतो."

तुम्ही गल्ल्यातून पैसे काढून त्यांच्यापुढं धरलेत. त्यांनी घेतले नाहीत. ते पुन्हा म्हणाले, "पैशाचं न्हाई साहेब."

ही गोष्ट सांगताना मी नेहमी इथं थांबते आणि ऐकणाऱ्याला विचारते, त्या बाईला मूल मांडीवर घ्या, एवढं म्हणायला काय लागत होतं? एक झोपलेलं पोर उचललं असतं तर एक पोर परीक्षेला गेली असती. माझे अण्णा ते म्हणाले नाहीत. मॅनेजरची मर्जी सांभाळून राहिले. ऐकणारे चुकचुकतात. माझे यजमान तर म्हणायचे, तुझा एवढा करारीपणा त्या दिवसातून आला. मी ते मान्य करायची.

मोटर सुटली. मी मागं वळून पाहिलं नाही, पण ड्रायव्हरच्या आरशात ती दोघं दिसत होती, ऊन नुकतं पडत होतं आणि ती पिशवी छातीशी धरून उभी होती. परभणीला आत्यानं मला शाळेत पोहोचवलं आणि मी पेपर लिहिला. त्यात व्याजाचं एक उदाहरण होतं, ते मला आलं नाही. तिला आलं असतं. ती दुपारच्या गाडीनं पोहोचली तेव्हा शाळेचं फाटक बंद झालं होतं. मला प्रवेश मिळाला. त्यावरच मी पुढं शिकले, मास्तरीण झाले, पेन्शन खातेय. तिचं दोन वर्षांनी लग्न झालं.

त्या संध्याकाळी मी परत आले आणि जेवताना तुम्हाला विचारलं, तिला का बसवलं नाही? तुम्ही घास ताटात ठेवलात. तुम्ही माझ्यावर कधी ओरडत नव्हता, त्या दिवशीही ओरडला नाहीत, पण आवाज असा होता की आई चुलीपासून वळून पाहायला लागली. "मोटरीतलं मोटरीत सोडायचं. हे या घरात पुन्हा काढायचं न्हाई." आणि तुम्ही न जेवता उठलात. तुम्हाला लाज वाटत होती म्हणून तुम्ही माझं तोंड बंद केलंत, असं मी पुढची सगळी वर्षं म्हणत आले. पुढं शेठची गाडी गेली, दुसरीकडं तुम्हाला काम मिळालं, येलदरीला धरणाचं काम निघालं आणि गाड्या वाढल्या. तुम्ही मात्र त्या दिवसानंतर कधी गादीवर बसला नाहीत. आत्याकडं जाताना आम्हाला पुढं बसवायचात आणि स्वतः जाळीमागं उभे राहायचात. तेही मला ढोंग वाटायचं. कॉलेजात असताना एकदा मी तसं तुमच्या तोंडावर बोलले. तुम्ही म्हणालात, असंल बाई, आणि चष्मा पुसत बसलात. भांडा ना माझ्याशी, असं मला ओरडावंसं वाटत होतं. तुम्ही भांडला असतात तर कधीच निकाल लागला असता.

तुम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी माझी बदली जिंतूरला झाली. थंडीच्या आधी गाद्या पिंजून घ्यायला मी बाजारात गेले, तर दुकानात ती बसलेली. केस पांढरे झालेले, नाकात शाळेत असायची तीच चमकी. माझ्या गाद्यांचा कापूस तोलून तिनं किंमत तोंडानंच सांगितली, कागद घेतला नाही. मग माझ्याकडं नीट पाहिलं आणि मला ओळखलं. तिनं मला आत नेलं, चहा पाजला, मुलं काय करतात ते विचारलं. मला वाटत होतं, आता ती ते काढणार. तिनं काढलंच, पण मला वाटलं होतं तसं नाही.

"तुझे अण्णा लय चांगले होते," ती म्हणाली. "त्या दिवशी मोटरीच्या खिडकीपाशी जाऊन त्या बाईला किती विनवायलते. मी लांबून बघायलते. त्या बाईनं ऐकलं न्हाई, तर ते तरी काय करतील? अब्बा मरेपर्यंत म्हणायचे, तिकीटबाबूनं आपल्यासाठी शब्द टाकला."

कप माझ्या हातात होता. मी म्हटलं, हो, ती बाई तशीच होती.

अण्णा, त्या खिडकीत मॅनेजरची बायको नव्हती. त्या खिडकीत मी होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, लेकीला नाही, परवा विमानात नातवालाही नाही. तुम्ही मोटरीला वळसा घालून माझ्याकडं आलात, गजाला धरून उभे राहिलात आणि हळू आवाजात म्हणालात, "माय, तू मागं जातीस का? तिथं आपल्या शेजारच्या काकू हायेत, मांडीवर घेतील तुला." त्या पोरीला काकूंनी मांडीवर घेतलं नसतं, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. म्हणून तुम्ही मला विचारलंत. दोनदा विचारलंत. आईनं आदल्या दिवशी तांब्यात निखारे घालून माझ्या परकराला इस्त्री केली होती. मी म्हटलं, मागं माझा परकर चुरगळंल. दुसऱ्यांदा विचारलंत तेव्हा मी पेनाचं टोपण काढत-लावत बसले. तुम्ही परत गेलात, गल्ला उघडायला. ते घरी कुणाला कळलं नाही. आईला तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मी तुम्हाला ढोंगी म्हटलं तेव्हाही सांगितलं नाहीत.

आणि तरी मला राग येतो, खरा राग इथंच येतो. मला विचारलंत कशाला? मी बारा वर्षांची होते. बाप होता तुम्ही, हाताला धरून खाली उतरवायचं होतं मला. रडले असते, परकर चुरगळला असता, परभणी येईपर्यंत विसरले असते. मॅनेजरपुढं तुमची हिंमत होत नव्हती ते मी समजू शकते, त्या नोकरीवर आपली चूल पेटत होती. पण माझ्यापुढं कसली भीती होती?

हे लिहून होईस्तोवर दुपार कलली. तिची प्रकृती बरी नसते असं ऐकते, पण ती आहे, जिंतूरलाच आहे. दुकान आता मुलगा बघतो. तिचा पत्ता माझ्या वहीत आहे आणि तिला मराठी वाचता येतं, माझ्याइतकंच. हे पत्र खरं तर तिला लिहायचं होतं. सकाळी कागद पुढं ओढला, आणि वर तुम्हाला हाक मारली.