रोवणीतली मोजणी

बाबा, आज एका नव्या वसाहतीची फाईल माझ्या टेबलावर आली आणि दिवसभर तुम्ही डोक्यातून गेला नाहीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमचा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं. खोकला मात्र लगेच आठवतो. मी काय काम करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, कारण मी नागपूरला शिकत होते तेव्हाच तुम्ही गेलात. शहरात कुणाला वसाहत, दवाखाना नाहीतर मोठं दुकान बांधायचं असलं, की त्यामुळे रस्त्यावर किती गाड्या वाढतील आणि हवेत किती धूर जाईल, याचा हिशेब मांडायचा, हे माझं काम. म्हणजे तुमचंच काम, फक्त पंख्याखाली बसून. तुम्ही हसला असता आणि आईला म्हणाला असता, "पाह्य वो, पोरगी बी गाड्याच मोजून राहिली."

लाखनी आणि साकोलीच्या मधलं आपलं गाव तेव्हा हमरस्त्यापासून जरा आत, तलावाच्या पाळीला टेकून होतं. आठवडी बाजार तलावाच्या पाळीखालीच भरायचा. आपल्या स्वयंपाकघरात सकाळी एका चुलीवर आईचा भात आणि दुसऱ्या चुलीवर आत्याचे मुरमुरे. आत्या म्हणजे तुमची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आपल्याकडे आली आणि आल्या दिवसापासून तिनं कुणाच्या ताटातलं फुकट खाल्लं नाही. काळ्या कढईत वाळू तापवायची, तांदूळ टाकायचा, झाऱ्यानं हलवायचा, आणि घरभर तो खरपूस वास. बाजाराच्या दिवशी डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, आणि घरातून निघाली की माझी वेणी घालून होईपर्यंत ती बाजारात बसलेली. काही विसरलं तर तिथूनच हाका मारायची. आईला ते अजिबात आवडायचं नाही. "गावभर आपल्या घरचा बोभाटा," म्हणायची. मला फार आवडायचं.

मग बाजार हलवायचं निघालं. तलावाजवळची गल्ली अरुंद, बाजाराच्या दिवशी बैलबंड्या अडकायच्या, आणि एकदा त्यात साकोलीहून आलेल्या एका बड्या साहेबांची जीपच अडकली. गावानं किती वर्षं अडकून घेतलं होतं त्याचं कुणाला काही नव्हतं, पण जीप अडकली आणि चक्रं फिरली. हमरस्त्याला लागून, गावापासून चांगलंच लांब, मोकळी जागा होती. तिथे धानाचं गोदाम आणि नवा बाजार. तेवढ्या गाड्या हमरस्त्याला झेपतील का, ते मोजून कळवा, असा कागद तुमच्या हातात आला. तुम्ही रस्त्याच्या खात्यातले साधे मुकादम, पण कागद आला की दुसऱ्या दिवशी काम, हा तुमचा बाणा. साहेब स्वतः म्हणाले होते, सवडीनं करा, दिवाळीपर्यंत कळवलं तरी चालेल. तुम्हाला सवड हा शब्दच माहीत नव्हता.

ते दिवस रोवणीचे होते. सगळं गाव धानाचे परे, रोपं, लावायला चिखलात वाकलेलं. बंड्या घरी उभ्या, बैल चिखलणीला. तुम्ही डब्यात चिंचोके भरत होता आणि आत्या चुलीपुढून म्हणाली, "भाऊ, आता रस्त्यावर कोन हाये? समदे त धानाच्या बांधीत हायेत. कोनाले मोजशीन?"

तुम्ही म्हणालात, "बाई, कागद आला ना. जे असन ते मोजीन."

"कागदाले का घाई हाये?" ती म्हणाली, आणि दोघंही हसलात. ते हसणं मला अजून जसंच्या तसं दिसतं.

मी तुमच्या जेवणाचा डबा घेऊन हमरस्त्यावरच्या मोरीवर, त्या लहानशा पुलावर आले होते. तुमच्यापुढे दोन डबे. एकात चिंचोके, दुसरा रिकामा. गाडी गेली की एक चिंचोका इकडून तिकडे. पाऊस भुरभुरतोय, तुम्ही घोंगडं पांघरून बसलाय, आणि रस्ता असा सुना की दुरून येणाऱ्या ट्रकचा आवाज आधी कानावर येतोय. तेवढ्यात समोरून आत्या येते. ती रोवणीच्या बाया बघून त्यांच्याकडे मुरमुरे विकायला निघालेली. मी हौसेनं एक चिंचोका उचलला आणि तुमच्या डब्यात टाकला. तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. "मानसाले चिंचोका नाई, बेटा. गाडीले. पायी चालनारा मोजाचा नसते." जोरात नव्हती लागली, पण मी रडले. आत्यानं मला मूठभर मुरमुरे दिले आणि तुम्हाला म्हणाली, "घे, मी गेलीच नाई असं समज."

तुम्ही कळवलंत, रस्ता मोकळा आहे. खोटं काहीच नव्हतं त्यात. नवा बाजार झाला. गल्ली सुटसुटीत झाली आणि साहेब खूश झाले. तलावाच्या पाळीखाली आता कुत्री झोपायची. ज्या बाजारात लोक गप्पा मारत पायी जायचे, तिथे जायला आता कुणी बंडी जुंपू लागलं, कुणी धानाच्या ट्रकवर चढू लागलं, कुणी पोराला सायकल घ्यायला लावली. रस्त्याकडेच्या पळसाची पानं डिझेलच्या धुरानं आणि फुफाट्यानं मळकट झाली. आत्या पायीच जायची, रस्त्याच्या कडेनं. सकाळची निघायची आणि बसायला चांगली जागा मिळायची नाही, कारण बंडीवाले आधी पोचलेले. संध्याकाळी येऊन पाय कढत पाण्यात घालून बसायची आणि खोकायची. आई म्हणायची, चुलीच्या धुरानं. आत्या म्हणायची, "चुलीचा धूर त जलमाचा हाये, तो कायले आता तरास देईन?"

त्यानंतरच्या धानाच्या हंगामातला तो बाजार. दिवाळीच्या आगेमागे, कापणी, चुरणी आटपून सगळ्यांचं धान एकदम रस्त्यावर आलं होतं. बंड्यांची रांग, गोदामाकडे जाणारे ट्रक, मध्ये एसटी अडकलेली. एका ट्रकला वाट द्यायला आत्या कडेला सरकली आणि मागून दुसरा आला. ती जागीच गेली; मी शाळेतून पळत गेले तेव्हा तिला नेलं होतं. रस्त्यावर मुरमुरे पडले होते आणि त्यांच्यावरून गाड्या जात होत्या. तुम्ही रस्त्याच्या मध्ये उभे राहून दोन्ही हात पसरून गाड्या थांबवत होता, सरकारी टोपी घालून, आणि कुणी थांबत नव्हतं. बाबा, त्या दिवशी मला तुमची दया आली. बापाची दया येणं फार वाईट असतं.

 पुढे दर वर्षी धानाच्या हंगामात, बाजाराच्या दिवशी, रजा टाकून त्या मोरीवर जाऊन बसायचात. दोन डबे, चिंचोके. लोक म्हणायचे, मुकादमाचं डोकं फिरलं. मी एकदा भाकर घेऊन आले आणि बराच वेळ बाजूला बसून पाहिलं. ट्रक गेला, तुमचा हात हलला नाही. बंडी गेली, हलला नाही. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन एक म्हातारी गेली, आणि तुम्ही एक चिंचोका उचलून डब्यात ठेवलात. टाकला नाहीत, ठेवलात. आई तुमचा सदरा धुवायला काढायची तेव्हा खिशात दोन-चार चिंचोके निघायचे. ती ते कोनाड्यात ठेवायची आणि सदरा वाळला की पुन्हा खिशात टाकायची. 

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा भंडाऱ्याच्या दवाखान्यात तुम्ही खाटेवर होता. मी नागपूरहून आले होते. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "रोवनीतच काहून मोजलो मी? दिवाळीपर्यंत थांबलो असतो त का बिघडलं असतं?" मी म्हटलं, "बाबा, पडा तुम्ही, बोलू नका."  

तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर आज माझ्याकडे आहे, म्हणून हे लिहायला बसले. बाबा, आम्हीही इतकी वर्षं तेच करत होतो. नवी वसाहत झाली तर चौकात गाड्या किती वेळ खोळंबतील, तेवढंच पाहायचो. खोळंबा नको म्हणून वसाहत लांब टाकायची, रस्ता रुंद करायचा, आणि लांब टाकली म्हणून सगळ्यांनी गाडी घ्यायची. आता कुठे काही शहरांत वेगळं मोजायला लागले आहेत. रस्त्याला झेपेल का, हे नंतर. आधी हे विचारायचं, की इथे राहणाऱ्या माणसाला दूध, शाळा, कामासाठी रोज किती लांब जावं लागेल, आणि तेवढं अंतर गाड्यांनी कापलं तर धूर किती. या हिशेबात तलावाजवळचा आपला बाजार पहिल्या नंबरानं पास झाला असता. आणि हमरस्त्यावरचा बाजार रस्ता कितीही मोकळा असला तरी नापास. तुम्ही दिवाळीत मोजलं असतंत, तर त्यांनी फार तर रस्ता रुंद केला असता. आत्याला तितकंच लांब चालावं लागलं असतं, आणि रुंद रस्त्यावर ट्रक आणखी जोरात आले असते. चूक महिन्याची नव्हती. तुम्हाला जे मोजायला सांगितलं, तेच चुकीचं होतं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला रुचली नसती. आमच्या नव्या हिशेबातही पायी चालणारा शून्यच धरतात. त्याचा धूर नाही, म्हणून शून्य. तो आमच्याकडे चांगला आकडा समजतात. मी तो आकडा लिहिते तेव्हा दर वेळी माझा हात अडतो.

हे सगळं तुम्हाला त्या खाटेवर सांगता आलं असतं, तर तुम्ही शांतपणे गेला असता, असं मला वाटायचं. कितीदा मनात जुळवलं, आणि आज कागदावरही आलं. पण हा कागद मी कुठे ठेवणार नाही, तुमच्या फोटोमागेही नाही. कारण खरं सांगायचं तर, सकाळी ती फाईल उघडली तेव्हा समोर बसलेल्या तरुण अभियंत्याला मी अंतराचं काही विचारलं नाही, धुराचंही नाही. कुठलीही फाईल आली की मी पहिल्यांदा जे विचारते, तेच विचारलं. कार्यालयात माझी त्यावरून थट्टा होते, आणि त्यालाही हसू आलं. मी विचारलं, मोजणी कोणत्या महिन्यात केली?