भिंतीतल्या सात गोधड्या

नॉटिंगहॅम, ३ मार्च २००७

ती. मधुमतीआत्या,

वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? वाईला उन्हाळा सुरू झाला असेल. पत्र मात्र उभ्याने वाचू नका, खुर्चीत टेका आणि मगच पुढे जा. 

मे महिन्यात तुम्ही येणार म्हणून अक्षयाची खोली रंगवायला काढली. तुम्ही फोनवर बजावलं होतंत, की आमच्या लग्नात दिलेल्या सातही गोधड्या पलंगावर दिसल्या पाहिजेत. (डोळे फोडून धावदोरे घातलेत तुम्ही, हक्कच आहे तुमचा.) ह्यांना कधीही विचारा, आठ वर्षं एकच उत्तर: माळ्यावर बॅगेत आहेत, कसर लागू नये म्हणून. तुमचा भाचा भूलतज्ज्ञ, माणसाला गुंगवण्यात त्याचा हात कोण धरणार? मीही विश्वास ठेवला.

वॉलपेपर सोलला तर आतला बोर्ड ओलसर. बिल्डर केविन म्हणाला, थंडी अडवायला भिंतीत भरलेलं जुनं इन्सुलेशन बदलूनच टाकू. त्याने बोर्ड उचकटला, आत हात घातला आणि बाहेर ओढलं ते तुमचं अंजिरी लुगडं! मग दुसरी गोधडी, मग तिसरी. सातही! केविन चष्मा लावून टाके बघत राहिला. तीस वर्षांत इतकं नीट शिवलेलं इन्सुलेशन त्याने पाहिलं नव्हतं म्हणे.

मग कबुलीजबाब. अक्षयाच्या वेळी मी हॉस्पिटलमध्ये असताना, बाळाची खोली गार पडते म्हणून ह्यांनी स्वतः ती भिंत बंद केली. भिंतीत भरतात ती काचेची लोकर बाळाला टोचेल (भिंतीच्या आतून!), म्हणून गोधड्या. आणि दर रविवारी तुम्हाला फोनवर सांगायचे, आत्या, तुझ्या गोधड्यांवरच आमचा हिवाळा निघतो. मला वाटायचं, लाडीगोडी चाललीय. अक्षरशः खरं बोलत होता हो माणूस!

दोन गोधड्यांना बुरशी आली. पाच धुऊन वाळत घातल्यात. मला फार लाज वाटते, आत्या. हवं तेवढं रागवा, पण तिकीट रद्द करू नका.

तुमची,
सुहासिनी

ता. क. पत्र टाकायचं धाडस होईना. नवं इन्सुलेशन बसूनही आठवडा झाला. पंचवीस वर्षांची गॅरंटी आहे. खोली पहिल्यापेक्षा गार. अक्षया स्वेटर घालून झोपते.

आणखी एक ता. क. येताना जमतील तेवढ्या नव्या गोधड्या आणाल का? ह्यांना कळू देऊ नका. या खेपेला भिंतीत मीच कोंबणार आहे.