‘गेली’ म्हणजे कुठे?

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग खरोखरच घातला असता, पण कंबर धरली आहे. का, ते पुढे येईलच.) तू, भाऊजी आणि दोन्ही उपद्व्यापी भाचे खुशाल असाल असं मी धरूनच चालतो, कारण तिकडे काही बिघडलं असेल तर ते ऐकायची ताकद आत्ता माझ्यात नाही. तुझा गुडघा कसा आहे? बरा असेल. नसला तरी बरा आहे असंच कळव. इकडची खुशाली म्हणशील तर बाबांचा उजवा डोळा एकदम खुशाल आहे आणि सगळ्या भानगडीचं मूळ तोच आहे. फोन सोडून पत्र का, तर ऑपरेशन झाल्यापासून बाबांचे कान इतके तिखट झालेत की मी बाथरूममध्ये पुटपुटलो तरी बाहेरच्या खोलीतून उत्तर येतं.

मोतीबिंदू छान निघाला. डॉक्टरीणबाईंनी सूचनांचा कागद दिला : डोळा चोळू नये, वाकू नये, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये. आता तू मला ओळखतेसच. मी विचारलं, बाहेरचं पाणी आत जाऊ द्यायचं नाही हे कळलं, पण आतलं बाहेर आलं तर? बाई म्हणाल्या, महिनाभर शक्यतो नको. झालं! तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. कारण ताई, आईला जाऊन आठ महिने झाले आणि बाबा एकदाही रडलेले नाहीत. तेव्हा आल्यागेल्याला चहा देत होते, खुर्च्या मांडत होते, उचलत होते, तू पाहिलंच आहेस. आठ महिन्यांचं साठलेलं पाणी नेमकं याच महिन्यात बाहेर पडायचं म्हणालं तर मी काय करू?

अशा परिस्थितीत शेजारच्या टायपिस्ट काकूंनी (भलं होवो त्यांचं, पण जरा लांब राहून होवो) आम्हाला एक कोरियन मालिका सुचवली. छत्र्या दुरुस्त करणारं कुटुंब, आई, बाप, दोन मुलं, सोळा भाग. फार गोड आहे, अगदी घरगुती आहे, म्हणाल्या. मीही मूर्खासारखा हो म्हणालो. खालच्या पट्टीतली इंग्रजी अक्षरं बाबांना दिसत नाहीत, म्हणून रोज संध्याकाळी सहा वाजता मी शेजारी बसून ती मराठीत मोठ्यानं सांगायची, असं ठरलं. पहिला भाग खरंच गोड होता. दुसऱ्या भागात ती छत्रीवाली बाई चक्कर येऊन पडली. तिला दवाखान्यात नेलं, डॉक्टर बाहेर आला, त्यानं मान खाली घातली आणि पट्टीवर तीनच शब्द आले. मी सवयीनं सांगून बसलो, “गेली.”

शब्द तोंडातून निघाला तो निघालाच. बाबांनी मान वळवून विचारलं, “कुठे?”

आणि मी म्हणालो, “बहिणीकडे.”

ताई, हसू नकोस. दिवसभर छापखान्यात बसून लोकांच्या वेलांट्या तपासणारा माणूस मी. स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर मला जेवण जात नाही. तो मी त्या दिवसापासून रोज तास-तासभर धडधडीत थापा मारतो आहे. बाई दवाखान्यातून परस्पर बहिणीकडे कशी गेली, तर बहिणीचं गाव त्याच रस्त्यावर आहे. घरचे सगळे काळे कपडे घालून का बसलेत, तर छत्री दुरुस्त करणाऱ्यांचा तो गणवेश असतो. तिच्या फोटोला काळी फीत कशाला? तिला उत्कृष्ट कारागिराचं बक्षीस मिळालं आहे. मग ते घ्यायला ती स्वतः का आली नाही? बहिणीचा पाय मोडला. हा पाय मी चौथ्या भागात मोडला आणि बाराव्यापर्यंत बरा होऊ दिलेला नाही. त्यात त्या नवऱ्याला एक सवय आहे. दारातल्या तिच्या चपला तो रोज सकाळी उचलतो, पुसतो आणि पुन्हा तिथेच नीट लावून ठेवतो. त्या वेळी पट्टीवर एकही अक्षर येत नाही. तिथे मला काही सांगता येत नाही. आम्ही दोघं नुसते बघत बसतो. मग बाबा हळूच विचारतात, “आज येणार का रे ती?” मी म्हणतो, आज नाही, बहुतेक उद्या.

याचा परिणाम कामावरही झाला. मागच्या आठवड्यात एका गृहस्थांच्या निधनाचं कार्ड तपासायला आलं. मी तपासलं, सही केली, दोनशे प्रती छापून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा थोरला मुलगा मालकांच्या टेबलावर कार्ड आपटत उभा. त्यात छापलं होतं, ‘आमचे वडील बहिणीकडे गेले आहेत.’ प्रुफावरची दुरुस्ती माझ्याच अक्षरात, लाल शाईतली. मालकांनी मला सगळ्यांदेखत झाडलं, आणि बरोबरच होतं त्यांचं. (मुलाबरोबर त्याची म्हातारी आई आली होती. जाताना तिनं एक कार्ड उचलून पर्समध्ये ठेवलं.) आणि मला एकदम आठवलं, आईच्या कार्डाचं प्रूफही मीच तपासलं होतं. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या होत्या. रडलो नव्हतो. चूक राहता कामा नये, एवढंच डोक्यात होतं.

आता खरं संकट. येत्या रविवारी सोळावा भाग आहे आणि डॉक्टरीणबाईंची तपासणी सोमवारी. काकूंनी तो भाग दोनदा पाहिलाय. त्या म्हणाल्या, शेवटची वीस मिनिटं सगळे रडतात, पाणी प्यायलासुद्धा थांबत नाहीत, आणि नवरा त्या चपला कागदात गुंडाळून डोंगरावर घेऊन जातो. याला मी सहल म्हणू? टीव्ही बिघडवून बघितला. कपाटामागे हात घालून प्लग काढला, त्यातच कंबर गेली. बाबांनी तासाभरात मेकॅनिक बोलावला. त्यानं प्लग लावला आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की काय सांगू! काकूंची तर वेगळीच धास्ती. परवा दारातूनच डोळे पुसत म्हणाल्या, “बिचारी दुसऱ्या भागातच गेली हो!” मी ओरडलो, “बहिणीकडे!” काकू घाबरून घरी गेल्या.

तेव्हा ताई, विनंती एवढीच की रविवारी बरोबर सहाला बाबांना फोन कर आणि सव्वासातपर्यंत सोडू नकोस. भाच्यांच्या अभ्यासाचं विचार, गुडघ्याचं सांग, वाटेल ते बोल.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. – फोन नको. तूच ये. बाबांसाठी म्हणून ये असं लिहिणार होतो, पण त्यांचं बरं चाललं आहे. माझंच बरं नाही. मला आता त्या बाईला परत आणता येत नाही, आणि ती येणार नाही हेही तोंडातून निघत नाही. मला आई हवी आहे गं.

ता. क. २ – वरचं मनावर घेऊ नकोस, कंबर दुखतेय म्हणून लिहिलं. जमलं तरच ये. पत्र टाकायला बाबांकडे देतोय, फिरायला जाताना टाकतील. त्यांना काही वाचता येत नाही, म्हणून काळजी नाही.

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

पाकीट यानं चिकटवलंच नव्हतं. म्हणे चुका शोधतो! टीव्हीवरची अक्षरं पळतात, ती मला दिसत नाहीत. पण हा कागद पळत नाही. भिंग घेऊन सावकाश वाचला.

ती बाई वारली हे मला त्याच दिवशी कळलं. त्याला कुठलीही भाषा यावी लागत नाही. तरी तू त्याला काही बोलू नकोस. रविवारी ये. तिघं मिळून बघू. सांगायचं काम त्यालाच करू दे. रडू आलं तर रडू, डोळ्याचं डॉक्टर बघतील.

मी “कुठे” म्हणून विचारलं ते त्या बाईबद्दल नव्हतं. आठ महिने हा प्रश्न मला कुणाला तरी विचारायचा होता. यानं निदान उत्तर तरी दिलं.

– बाबा