निळ्या पट्टीचा ब्रश

प्रिय छोटू,

काल समितीसमोर तू काकीचं नाव घेतलंस, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. वृद्धाश्रमाची व्यवस्थापक म्हणून मी टेबलाच्या या बाजूला, कंत्राटदार म्हणून तू त्या बाजूला, आणि आमच्याकडे साफसफाई करणारी काकी दाराशी उभी, हातातलं फडकंसुद्धा खाली न ठेवता. तू म्हणालास, "माझ्या स्टीलला काही होत नाही हो. यांच्या बाईने फरशीचं ॲसिड ओतलं, त्याने कठड्याच्या खांबाचा पाय खाल्ला. अडाणी बाई, तिला काय कळणार!" आणि माझ्याकडे बघून हसलास. ते हसू मी ओळखते. लहानपणी बरणी फोडलीस की असाच हसायचास, आणि आई मला विचारायची, "तू मोठी ना गं, तुझं लक्ष कुठे होतं?"

आधी आश्रमात राहणाऱ्या आमच्या मास्तरांचं सांगते, कारण त्यांची चौकशी तू केली नाहीस. समुद्राकडच्या व्हरांड्यातला तुझा कठडा धरून ते रोज संध्याकाळी उभे राहायचे. त्या दिवशी कठडा त्यांच्यासकट बाहेर कलला. खाली दोनच पायऱ्या होत्या, म्हणून जिवावरचं खुब्यावर निभावलं. आता पलंगावरून विचारतात, "बाई, भरती आली का?" त्यांच्या खोलीची खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे. मी व्हरांड्यात जाऊन बघून येते आणि सांगते.

तुला आठवतं का रे, बाबांच्या कारखान्यात स्टेनलेसचा कोपरा वेगळा होता? तिथल्या ब्रशांच्या, कानशींच्या मुठींना निळी पट्टी. ती हत्यारं लोखंडाला लावायची नाहीत, म्हणजे नाहीत. लोखंडाचा कीस ब्रशातून स्टीलवर बसला की तो गंजतो, आणि त्याच्या संगतीने स्टीलही बिघडतं. कामगार त्याला 'मालकांचं सोवळं' म्हणायचे. वेल्डर तर तोंडावर विचारायचा, "मालक, ब्रशला आंघोळ घालूनच आत घेऊ ना?" बाबाही हसायचे, पण कोपरा मोडू द्यायचे नाहीत. मुठींना पट्टी गुंडाळायचं काम माझं. कॉलेजात रसायनशास्त्र घेतल्यावरही ते माझ्याकडेच राहिलं, आणि त्याचा मला कमीपणा वाटला नाही.

सुट्टीच्या दिवशी बाबा आपल्याला किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकांकडे न्यायचे, बसवलेले कठडे धुवायला. "समुद्र दिसत नाही तेव्हाही तो स्टीलवर येऊन बसलेला असतो," म्हणायचे. "त्याला उठवायला गोडं पाणी लागतं, मस्ती लागत नाही." गोडं पाणी, थोडा साबण, मऊ फडकं, स्टीलच्या रेषांच्या दिशेने हात, पुन्हा पाणी, आणि शेवटी कोरडं पुसणं. एवढंच तर काम. पाणी ओतायला तू असायचास. कठड्यापेक्षा माझ्यावर जास्त ओतायचास, आणि मी ओरडले की बाबांच्या पाठीमागे लपायचास. तेव्हा ते गोड वाटायचं.

बाबा गेले. कारखाना तुझ्याकडे गेला आणि नियम माझ्याकडे राहिले. मी तक्रार केली नाही. आश्रमाचा कठडा तुझ्याकडून करून घेतला, देखभालीचं कामही तुलाच मिळालं. एवढं खारं वारं सुटलं, पण धुवायला तुझं माणूस फिरकलं नाही. तपकिरी ठिपके दिसायला लागल्यावर मी फोन केला, तर म्हणालास, "ताई, त्याला चहाचे डाग म्हणतात. बिस्किटं देऊ नकोस म्हणजे झालं." मी म्हटलं, मग काकीकडून धुऊन घेते. त्यावर तुझा विनोद संपला. "हात लावायचा नाही कुणी. गॅरंटी जाईल." मी काकीला तसं बजावलं. त्या दिवसापासून ती व्हरांड्याची फरशी पुसायची आणि कठड्यापाशी हात आखडता घ्यायची. काल समितीत बोलताना हे तुला माहीत होतं, छोटू. विसरला नव्हतास.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, त्या दिवशी मी दवाखान्यात तिच्यापाशी बसले होते. तू "जरा काम आहे" म्हणून निघून गेलास. ते काम आमच्या व्हरांड्यात होतं. मी परत आले तर काकी कौतुकाने म्हणाली, "बाई, तुमच्या भावाने चांदी केली की हो कठड्याची! आम्हाला मात्र लांब उभं केलं, वास फार होता." जवळ जाऊन बघितलं. रेषा एकीकडे आणि चरे दुसरीकडे. पुन्हा फोन केला. "बघतो," म्हणालास. बघायला आलास ते मास्तर पडल्यावर. तोवर ॲसिड खांबाच्या पायाशी झाकण म्हणून बसवलेल्या टोपीखाली उतरून मुरलं होतं. वरून धुवायला बादलीभर पाणी ओतायचेही कष्ट कुणी घेतले नव्हते.

काल सभा संपल्यावर मी मागची पंपाची खोली उघडली. सामान ठेवायला ती तुझ्याच माणसांना दिलेली आहे. पंपाच्या मागे ॲसिडचा कॅन होता, आणि त्याच्याशेजारी तारेचा ब्रश. तारा लाल किसाने भरलेल्या. कुणाचं तरी लोखंडी फाटक घासून तोच इथे आणला असणार. मुठीला निळी पट्टी. टोक आत दुमडलेलं. पट्टी सोडवताना नखाने शोधत बसायला लागू नये, म्हणून मी टोक दुमडायची. दुसरं कुणी तसं करत नसे. तो ब्रश हातात घेऊन मी पंपाच्या कट्ट्यावर बसून राहिले.

रात्री आईचा फोन आला. तूच करायला लावला असणार. "घरातलं घरात ठेव गं. त्याला लेकरं आहेत." मी म्हटलं, काकीच्या घरीही माणसंच राहतात. आईने फोन ठेवला.

तुला शहाणं करायला हे लिहीत नाही. ते वय तुझंही गेलं आणि माझंही. काकीला कामावरून काढायचा ठराव उद्या यायचा होता. आज सकाळी मी सचिवांना भेटून सगळं सांगितलं. उद्या समितीसमोर आणि पुढे जिथे बोलावतील तिथे तुझ्याविरुद्ध मीच बोलणार आहे. हे तुला परक्याच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. बहीण म्हणून माझ्याकडे तुला द्यायला एवढंच उरलंय. उद्या येशील तेव्हा माझ्याकडे बघून हसू नकोस.

तुझीच,
ताई

आज सचिवांच्या हाती दिलं, त्यांची सही घेऊन: निळ्या पट्टीचा तारेचा ब्रश, ॲसिडचा कॅन, तळाशी थोडं शिल्लक, मोडलेल्या खांबाचा पाय, टोपीसकट. तुला, या पाकिटात: कारखान्याची माझ्याजवळची किल्ली. निळ्या पट्टीची गुंडाळी मी ठेवून घेतली आहे.