शिवांगीची सही

ऋषी,

तू झोपला आहेस, म्हणून लिहून ठेवते आणि लॅबला जाते. आज शिवांगीकडे सही घ्यायला जाऊ नकोस. तुझा नवा पगार कमी पडतो म्हणून माझ्या ग्रीन कार्डसाठी ती माझ्या खर्चाची हमी देणार आहे, हे मला तिच्याच तोंडून कळलं. "शरयू, आता तुझी जबाबदारी माझ्यावर हं," असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. तू हसलास.

मी इथे दहा वर्षांहून जास्त नोकरी केली आहे. तेवढी वर्षं पगारातून सोशल सिक्युरिटीचा कर भरला असेल, तर कुणाचीच हमी लागत नाही. काल वकिलांनी माझा रेकॉर्ड तपासून तसं सांगितलं. अर्ज मात्र नवऱ्यालाच करावा लागतो. तेवढा तू कर.

तिचा पुरणपोळ्यांचा डबा घासून ओट्यावर ठेवला आहे. कॉलेजपासून तुला आवडतात तशाच केल्या होत्या तिने, सगळ्या तूच संपवल्यास. रिकामा डबा परत देऊ नये, म्हणून त्यात साखर घातली आहे. चिमूटभरच.

डबा मी नेऊन देईन. तू घरीच थांब.

शरयू